रस्त्याचें गहाणखत

(नदीवरील पुलाच्या प्रश्नासाठीं भरलेल्या शेतकरी व बलुतेदार मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



आजची सभा कशासाठीं आहे हें तुम्हांला सांगायला नको. नदी दुथडी भरली कीं आपला पलीकडच्या बाजाराशीं संबंध तुटतो. तोडलेली भाजी शेताच्या बांधावर नासते. बाळंतीण अडली तर तिला घेऊन दहा कोसांचा वळसा घालावा लागतो. म्हणून पूल पाहिजे, हें आपण सर्वांनीं एका तोंडानें बोलावें. त्यांत दोन मतें नकोत.

पण आतां कानावर असें येतें कीं, सरकारजवळ पैसा नाहीं. पूल व त्याला जोडणारा रस्ता एखाद्या खाजगी कंपनीनें बांधावा आणि तिनें तीस वर्षें टोल घेऊन आपला पैसा वसूल करावा. याला भागीदारी असें गोंडस नांव आहे. सरकार एक भागीदार, कंपनी दुसरी भागीदार. मी विचारतों, ज्याच्या खिशांतून पैसा जायचा तो तिसरा कोण? तो तुम्ही आहांत. आणि त्या तिसऱ्याची सही कागदावर कोठेंच नसते!

मी इंजिनियर नाहीं, वकीलहि नाहीं. पण गहाणखत म्हणजे काय हें कुणब्याच्या पोराला शाळेंत शिकवावें लागत नाहीं; तें शिक्षण त्याला घरींच मिळतें. माझ्या आज्यानें विहिरीसाठीं चारशें रुपये काढले आणि दोन एकर मळा सावकाराच्या ताब्यांत दिला. पैसे फिटेपर्यंत उत्पन्न सावकारानें खावें, असा कागद झाला. पीक किती आलें, तें कितीला गेलें, व्याज किती झालें आणि मुद्दल किती फिटलें, याचा हिशेब ठेवणारा कोण? सावकारच. बारा वर्षें त्या मळ्यानें सावकाराच्या घरीं ऊंस नि मिरची घातली, आणि बाराव्या वर्षीं आज्यानें हिशेब विचारला तेव्हां चारशांचे नऊशें झाले होते. कोर्टाची पायरी चढायला त्याच्याजवळ पैसाहि नव्हता आणि अक्षरहि नव्हतें. मंडळी, माझा आजा कर्ज काढल्यामुळें बुडाला नाहीं. विहीर तर हवीच होती. तो बुडाला न वाचतां अंगठा केल्यामुळें. आजचा माझा सारा मुद्दा एवढाच आहे.

प्रथम दुसऱ्या बाजूचें म्हणणें प्रामाणिकपणें ऐकूं. गरीब देशांत रस्ते, पूल, बंदरें हवीं असतात फार आणि तिजोरींत पैसा असतो थोडा. सरकारच्या पैशाची वाट पाहिली तर आपला पूल आपल्या नातवाच्या लग्नापर्यंत व्हायचा नाहीं. कंपनी कर्ज उभारते, काम लवकर उरकते, आणि पुढें तीस वर्षें रस्त्याची निगा तिलाच राखायची असल्यामुळें आरंभींच काम चांगलें करण्यांत तिचा स्वार्थ असतो. तीस वर्षांनीं रस्ता सरकारला परत मिळतो. हें सगळें खरें असूं शकतें. भागीदारी ही गोष्ट मुळांतच वाईट, असें म्हणणारा मी नव्हे. आपणहि अर्धेलीनें जमीन देतों, बैलाला बैल लावून पैरा करतों. पण पैऱ्यांत कोणाचा बैल किती दिवस, हें आधीं ठरलेलें असतें.

कोणी म्हणेल, टोल मोटारवाल्याला. राष्ट्रीय महामार्गावर बैलगाडीला, ट्रॅक्टरला, मोटारसायकलला टोल पडत नाहीं, मग आपलें काय जातें? अहो, बाजारांतून आलेली पट्टी एकदां नीट वाचा! मालाच्या किमतींतून गाडीभाडें वजा, हमाली वजा, तोलाई वजा, आणि उरलें तें तुमचें. टेंपोवाला जातांना टोल भरतो, येतांना भरतो. तो काय आपल्या बायकोचे दागिने मोडून भरतो? तो भाड्यांत धरतो. परत येणाऱ्या गाडींत खताचें पोतें असतें, लोहाराचें लोखंड असतें, सुताराचें लांकूड असतें. त्यांच्या भाड्यांतहि तो टोल बसलेला असतो. नाक्यावर गाडी थांबते दुसऱ्याची. पैसा जातो आपला.

आतां दोन जुन्या गोष्टी आठवा. आपल्या जुन्या न्यायांत दामदुपटीचा नियम होता. व्याजाची बाकी कितीहि चढली तरी धनकोला एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज मागतां येत नसे. मुंबई इलाख्यांतलीं कोर्टें हा नियम हिंदु ऋणकोला लावीत असत. दुसरी गोष्ट सुप्याची. इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं कुणब्यांनीं सावकारांचीं खतें व वह्या हिसकावून घेऊन जाळल्या. तें लोण पुढें गांवोगांव पसरलें. त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कारण त्या कागदांत काय लिहिलें आहे हें त्यांना कधींच कोणीं वाचून दाखविलें नव्हतें. पुढें इ. स. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. त्यानें न्यायाधीशाला असा अधिकार दिला कीं, त्यानें नुसतें खत पाहून निकाल देऊं नये. खताच्या पाठीमागें जाऊन मूळ रक्कम किती होती व आजवर किती फिटली, याचा पहिल्यापासून हिशेब घ्यावा. दामदुपट आणि खताच्या पाठीमागें जाणें, हीं दोन मापें हातांत घ्या, आणि चला, आतां रस्त्यांचीं खतें वाचूं.

पहिलें खत आपल्याच मुलखांतलें. इ. स. १८४९ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीनें जी. आय. पी. रेल्वे कंपनीशीं करार केला. जमीन सरकारनें फुकट द्यावी, रेल्वे कंपनीनें विलायतेंत भांडवल उभारावें, आणि त्या भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी सरकारनें घ्यावी, असें ठरलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास गाडी धांवली, इ. स. १८६३ सालीं ती बोरघाट चढली. रेल्वेनें देशाची सोय झाली, हें कोण नाकारील? पण हमीचा गुण पाहा. रेल्वेला नफा होवो वा न होवो, भागवाल्याला पांच टक्के घरपोंच! मग काटकसर कोणीं करावी व कशाला करावी? हिंदुस्थान सरकारचे एके काळचे अर्थमंत्री मॅसेसाहेब यांनीं १८७२ सालीं पार्लमेंटच्या कमिटीपुढें साक्ष दिली. तिचा मतलब असा कीं, हमी मिळाल्यावर आपला पैसा विटाचुन्यांत गेला काय किंवा हुगळी नदींत गेला काय, भांडवलवाल्याला दोन्ही सारखेंच होतें. मग तूट कोणीं भरली? त्या काळीं सरकारचें सर्वांत मोठें उत्पन्न शेतसाऱ्याचें. ज्या कुणब्यानें आगगाडी डोळ्यांनीं पाहिलीहि नव्हती, त्यानें ती भरली.

दुसरें खत मेक्सिको देशाचें. तो देश आपल्यापासून फार दूर; पण तेथला शेतकरीहि मक्याची भाकरी खाऊन उन्हांत राबणारा. इ. स. १९८९ ते १९९४ या काळांत तेथील सरकारनें टोलाच्या रस्त्यांचा मोठा सपाटा लावला. ५२ मक्ते दिले आणि पांच हजारांहून अधिक किलोमीटरचे रस्ते हातीं घेतले. मक्ता कोणाला? जो म्हणेल, मी रस्ता सर्वांत लवकर परत देईन, त्याला. ऐकायला किती गोड! पण थोड्या वर्षांत पैसा वसूल करायचा म्हणजे टोल भारी लावणें आलें. टोल इतका भारी झाला कीं ट्रकवाले जुन्या फुकटच्या रस्त्यानेंच जाऊं लागले, आणि नवे गुळगुळीत रस्ते ओस पडले. किती गाड्या धांवतील याचे अंदाज फुगवलेले निघाले. बांधकामाचा खर्चहि ठरल्यापेक्षां वाढला. त्यांत डिसेंबर १९९४ मध्यें त्या देशाच्या नाण्याची किंमत कोसळली आणि व्याज आभाळाला भिडलें. शेवटीं १९९७ सालीं सरकारनें त्या ५२ पैकीं २३ मक्ते कर्जासकट आपल्या अंगावर घेतले. बांधकामाचा नफा बांधणाऱ्यांनीं आधींच खाल्ला होता. कर्ज रयतेच्या पदरीं पडलें. ज्यानें त्या रस्त्यावर कधीं पाय ठेवला नाहीं, त्यानेंहि तें कर्ज करांतून फेडलें. बोरघाटाचीच गोष्ट, नाहीं का?

तिसरें खत दिल्लीचें. दिल्ली व नोएडा यांना जोडणारा यमुनेवरील सुमारें नऊ किलोमीटरचा पूल व रस्ता. १९९७ सालीं करार झाला, २००१ सालीं रस्ता खुला झाला. मूळ खर्च सुमारें ४०८ कोटी रुपये. करार तीस वर्षांचा. पण पोटांत एक कलम असें होतें कीं, कंपनीला एकूण खर्चावर दर वर्षीं शेंकडा २० उत्पन्न मिळालेंच पाहिजे. जेवढें कमी पडेल तेवढें मूळ खर्चांत मिळवावें, आणि पुढच्या वर्षीं त्यावरहि शेंकडा २० धरावें. तीस वर्षांत फिटलें नाहीं तर मुदत वाढवावी. कुणब्यांनो, हें कलम ओळखलेंत का? ही तर आपल्या सावकाराची चक्रवाढ! शंभर रुपयांवर शेंकडा २० प्रमाणें चक्रवाढ धरली आणि मध्यें कांहींच फेड झाली नाहीं, तर दहा वर्षांत त्यांचे ६१९ होतात. तेथें टोल रोज जमा होत होता, तरीहि देणें कमी न होतां हजारों कोटींवर गेलें. म्हणजे तो टोल कधीं संपलाच नसता.

तेथल्या रहिवाशांनीं कोर्टाची पायरी चढली. अलाहाबादच्या हायकोर्टानें ऑक्टोबर २०१६ मध्यें टोल बंद केला, आणि २० डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल कायम केला. काम उघडा लिलाव न करतां दिलें गेलें, हेंहि न्यायालयानें पाहिलें; महालेखापालांनीं तपासलेला हिशेबहि पाहिला; आणि कंपनीला पुरेसा पैसा मिळून चुकला आहे, तेव्हां आणखी टोल घेण्यास कारण नाहीं, असें ठरविलें. म्हणजे न्यायालय खताच्या पाठीमागें गेलें! सुप्याच्या कुणब्यांनीं जें मागितलें तें तेथें मिळालें. पण मिळायला रस्ता खुला झाल्यापासून पंधरा वर्षें टोल भरावा लागला, आणि शेवटचा निकाल यायला आणखी आठ वर्षें गेलीं.

चौथें खत शाहू छत्रपतींच्या कोल्हापूरचें. शहरांतील सुमारें पन्नास किलोमीटरचे रस्ते खाजगी कंपनीनें करावे व शहराच्या वेशीवर नाके बसवून तीस वर्षें टोल घ्यावा, असा तो करार. शहरवासीयांना हें खरें कळलें तें नाके उभे राहिल्यावर. मग एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांसारखीं वडीलधारीं माणसें रस्त्यावर उतरलीं. मोर्चे निघाले, उपोषणें झालीं. जानेवारी २०१४ मध्यें नाके जळाले. अखेर डिसेंबर २०१५ मध्यें सरकारनें तो टोल रद्द केला. लोक जिंकले, आणि त्यांचें मीं अभिनंदनच करतों. पण पुढचें वाक्यहि ऐका. झालेल्या कामाची किंमत ठरवून कंपनीची भरपाई करण्याचें ओझें सरकारवर आलें. आणि सरकारची तिजोरी म्हणजे तुमची आमचीच. काम किती, त्याची खरी किंमत किती, हें मोजमाप टोल बंद करतांना करावें लागलें. तें मोजमाप सही होण्यापूर्वीं चव्हाट्यावर झालें असतें, तर एवढा मनस्ताप वांचला असता. खत जाळणें सोपें. देणें मात्र त्या आगींत जळत नाहीं.

मग चांगलें खत कोठें आहे का? आहे. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशानें १९९८ सालीं सांतियागो शहराहून व्हालपाराइसो बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याचा लिलाव निराळ्या रीतीनें केला. तेथें बोली वर्षांची नव्हती, एकूण रकमेची होती. टोलांतून मिळून आजच्या किमतीनें किती रक्कम घ्याल, तें सांगा. जो सर्वांत कमी मागेल त्याला काम. ती रक्कम जमली कीं मक्ता संपला. गाड्या जास्त धांवल्या तर लवकर संपेल, कमी धांवल्या तर थोडा उशिरां संपेल. म्हणजे कंपनी बुडत नाहीं आणि रयत लुटली जात नाहीं.

तुम्ही म्हणाल, माझ्या आज्याच्या खतांतहि 'फिटेपर्यंत' हाच शब्द होता, दिल्लीच्या खतांतहि तीच गोम होती. मग यांत फरक काय? फरक असा कीं, चिलीच्या खतांत रक्कम दहा जणांच्या चढाओढींतून आधीं ठरते, धनकोच्या वहींतून नंतर ठरत नाहीं. व्याजाचा दर आधीं उघड असतो. कामाचा खर्च वाढला तर तो कंपनीनें सोसायचा, रयतेच्या खात्यावर चढवायचा नाहीं. आणि हिशेबावर सरकारची नजर असते. शब्द एकच, पण वही कोणाच्या हातीं, यावर सारें आहे.

आपल्याकडेहि शहाणीं माणसें हें सांगत आलीं आहेत. डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०१५ सालीं केंद्र सरकारला अहवाल दिला. त्यांतला एक मुख्य विचार असा कीं, ज्याला जी जोखीम पेलतां येते, तीच त्याच्या डोक्यावर द्यावी. किती सरळ गोष्ट आहे! बांधकामाचा खर्च कंपनीच्या हातांत, तो धोका तिनें घ्यावा. जमीन मिळविणें सरकारच्या हातांत, तो धोका सरकारनें घ्यावा. बैलाचें जूं बैलाच्या मानेवर, वासराच्या नव्हे. २०१६ पासून कांहीं महामार्गांवर केंद्र सरकार बांधकाम चालू असतांना खर्चाचे शेंकडा ४० देतें, आणि बाकीचे ६० पुढें पंधरा वर्षांत हप्त्यांनीं देतें. टोल सरकारच घेतें. या रीतींत गाड्या कमी धांवल्याचा धोका कंपनीवर नाहीं. पण हप्ता कोणाच्या करांतून जातो, हें विसरूं नका. फुकटचा रस्ता जगांत कोठेंच नाहीं. आज ना उद्यां, नाक्यावर ना करांत, आपणच देणार. म्हणून किती द्यायचें व केव्हांपर्यंत द्यायचें, हें विचारण्याचा हक्कहि आपलाच.

तेव्हां ग्रामसभेंत पुलाचा कागद येईल त्या दिवशीं घरीं बसूं नका. उठून हे सहा सवाल करा.

पहिला: पुलाचा खरा खर्च किती, आणि तो कंपनीखेरीज दुसऱ्या कोणीं तपासला आहे का?

दुसरा: काम उघड्या लिलावानें दिलें काय, आणि बोली कशाची लावली? वर्षांची, टोलाची कीं एकूण रकमेची?

तिसरा: गाड्या कमी धांवल्या तर तोटा कोणाचा, आणि जास्त धांवल्या तर जादा नफा कोणाचा? एकाच पारड्यांत नफा व दुसऱ्यांत तोटा असें तर नाहीं ना?

चौथा: टोल कोणत्या दिवशीं किंवा किती रक्कम जमल्यावर बंद होणार? 'मुदत वाढवितां येईल' हें कलम कोठें दडलें आहे?

पांचवा: आजचा जुना रस्ता चालू राहणार कीं आम्हांला नाक्यावर वळविण्यासाठीं त्याची डागडुजी बंद होणार? रोज ये-जा करणाऱ्या गांवकऱ्यांना सवलत कोणती?

सहावा: टोलाचा जमाखर्च दर वर्षीं मराठींत लिहून चावडीवर लावणार काय?

या सवालांचीं उत्तरें मिळालीं तर मी स्वतः पहिला हात वर करीन. कारण पूल मलाहि हवा आहे. उत्तरें टाळलीं तर माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा आहे. अर्ज करा व करार मागवा. तो शंभर पानांचा असेल, इंग्रजींत असेल, म्हणून घाबरूं नका. आतां आपल्या घरांत शिकलेलीं पोरें आहेत, पोरी आहेत. माझ्या आज्याच्या वेळीं गांवांत वाचणारा एक, आणि तोच सावकाराचा कारकून होता! आज या सभेंत पुढें बसलेल्या दहा मुली कॉलेजांत जातात. त्यांना पारावर बसवा, एकेक कलम वाचून मराठींत सांगायला लावा, आणि तुम्ही म्हातारे लोक हिशेब धरा. कलम सुटेल तेथें पोरीनें थांबवावें, आंकडा सुटेल तेथें म्हाताऱ्यानें थांबवावें.

माझ्या आज्याचा मळा परत मिळाला नाहीं. त्यांतली विहीर मात्र अजून आहे. जातां येतां मी तिच्यांत डोकावतों. पाणी आहे, पण तें आमचें नाहीं. नदीवर पूल झाल्यावर तुमच्या नातवंडांना असें म्हणायची पाळी येऊं नये, एवढ्यासाठीं मीं तुमचा इतका वेळ घेतला. पूल बांधूं या, पण कागद वाचून बांधूं या.